शेतरक्षणाची बंदूक : वर्गाला जाण्याआधी घरी करायची तयारी



मागच्या हंगामातली गोष्ट. हुडकेश्वरकडचे एक शेतकरी भाऊ सकाळी सातलाच माझ्या दारी येऊन बसले. पाच एकर वावर, उमरेड रोडच्या अंगाला, धुऱ्याला लागून झुडपी जंगल. एक एकर मका, बाकी तूर आणि सोयाबीन. दोन रात्रींत रानडुकरांनी मका आडवा केला होता. डोळे लाल, अंगावर अजून जागलीची घोंगडी.

"साहेब, मले आता बंदूकच पाहिजे," ते म्हणाले. "रिव्हॉल्वर भेटलं तं बरं, कमरेला खोसून जागलीले जाता येते. त्याचा म्हणे वर्ग असते. तो कुठं असते तेवढं सांगा."

खरे सांगायचे तर मी कृषी महाविद्यालयात बोंडअळी शिकलो, मावा-तुडतुडे शिकलो, काडतूस काही शिकलो नाही. पण शेतकऱ्याने विचारले आणि विस्तार अधिकाऱ्याने हात झटकले, हे बरे नव्हे. म्हणून भाऊंबरोबर परवाना शाखेत गेलो, कायदा वाचला आणि पुढे त्यांच्यासोबत प्रशिक्षणवर्गाच्या बाकावरही बसलो. जे कळले ते या पत्रकात सोपे करून देत आहे. नवख्या माणसाला वर्गाला जाण्याआधी काय माहीत असावे आणि घरी कसली तयारी करावी, एवढाच याचा विषय आहे.

आधी हे ठरवा : बंदूक लागते का?

फवारणीच्या वेळी आपण नेहमी सांगतो, की एक अळी दिसली म्हणून पंप पाठीला लावू नका. नुकसानीची पातळी ओलांडली का ते आधी पाहा. बंदुकीचेही तसेच आहे. ती शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

पहिला प्रश्न जागेचा. हुडकेश्वर आणि नरसाळा हा भाग २०१३ मध्ये नागपूर महानगरपालिकेत आला. आज वावराला लागून ले-आऊट पडले आहेत, घरे उठली आहेत, रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असते. बारा बोअरच्या बंदुकीतला मोठा छर्रा अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. तुमच्या धुऱ्यापासून अर्धा किलोमीटर चालून पाहा. मध्ये घर लागते का, रस्ता लागतो का, शेजाऱ्याचा गोठा लागतो का? लागत असेल, तर त्या वावरात त्या दिशेने बार काढताच येणार नाही, परवाना असला तरी. अशा ठिकाणी बंदुकीचा खर्च आणि जोखीम दोन्ही अंगावर येतात आणि मका काही वाचत नाही.

दुसरा प्रश्न इतर उपायांचा. सौर ऊर्जेवरचे झटका कुंपण डुकराला मारत नाही, हटवते. त्याचा झटका क्षणभराचा आणि ठराविक अंतराने येणारा असतो. चार शेतकऱ्यांनी मिळून सलग लावले तर त्याचा उपयोग चांगला होतो. एकट्याने लावले तर कळप शेजाऱ्याकडे वळतो. खालची तार जमिनीलगत हवी, कारण डुक्कर बहुधा उडी मारत नाही, खालून घुसते. तारेखालचे गवत वाढू देऊ नये. गवत तारेला लागले की झटका जमिनीत उतरून जातो.

मात्र घरच्या मीटरवरून किंवा खांबावरून थेट वीज तारेत सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा म्हणून ओळखला जाणारा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेला लागून मेला. त्या तारेला वाघ कळत नाही, तसा मध्यरात्री पाणी द्यायला आलेला सालदारही कळत नाही.

तिसरी गोष्ट, नुकसानभरपाई. रानडुक्कर, रोही यांनी पीक खाल्ले तर वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी कळवा, पंचनामा होईपर्यंत पडलेले पीक हलवू नका, आणि अर्जाची पोच घ्या. अनेक भाऊ आठ दिवसांनी जातात आणि रिकाम्या हाताने परततात.

एवढे सर्व करूनही गरज उरली, तर पुढचे वाचा.

पिकासाठी पिस्तूल मिळत नाही

आपल्या देशात बंदुकीचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९, आणि त्याखालचे आजचे नियम २०१६ चे आहेत. पीकरक्षणासाठी कायद्याने नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ठासणीची बंदूक पुरी पडत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपण जिला बारा बोअर म्हणतो ती, मंजूर होऊ शकते. रिव्हॉल्वर आणि पिस्तूल यांची वाट वेगळी आहे. तिथे स्वतःच्या जिवाला धोका असल्याचे सबळ कारण दाखवावे लागते. 'डुकरे येतात' हे त्यासाठी कारण नव्हे. शिवाय अंधारात आखूड नळीच्या हत्याराने पळत्या डुकरावर नेम धरणे सरावलेल्या माणसालाही कठीण. कमरेला खोसलेले पिस्तूल डुकरापेक्षा खोसणाऱ्याच्या मांडीलाच जास्त जवळ असते.

हे सांगितल्यावर आमचे भाऊ थोडे हिरमुसले. "मंग भरमारच घ्या लागते काय?" म्हणाले. पण कारण पटले त्यांना.

परवाना कोण देतो हे नीट समजून घ्या, नाहीतर चपला झिजतात. नागपूर शहर पोलिसांच्या हद्दीत, म्हणजे हुडकेश्वर पोलीस ठाण्याच्या भागात, परवाना पोलीस आयुक्त देतात. ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या गावांसाठी जिल्हाधिकारी. काही जणांचे घर शहरात आणि वावर ग्रामीण हद्दीत असते. त्यांनी अर्जाआधीच परवाना शाखेत जाऊन विचारावे.

घरी आजोबांची जुनी बंदूक आहे म्हणून आपण मोकळे, असेही समजू नका. परवाना वारशाने आपोआप येत नाही. परवानेदार वारले की ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावाचा अर्ज करायचा असतो. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली बंदूक ही बेकायदा बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन वर्षे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावठी कट्टा आणि डुकरासाठी पिठात घालून ठेवतात तो हातबॉम्ब यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. तो बॉम्ब आधी गाईच्या तोंडात फुटतो.

कागदपत्रे आधी जुळवा

वय २१ वर्षे पूर्ण हवे. अर्ज नमुना 'ए-१' मध्ये भरायचा. सोबत जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो. पीकरक्षणासाठी मागत असाल तर चालू सातबारा आणि नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती जवळ ठेवा. मघाशी पोच घ्या म्हटले ते यासाठीही. गरज खरी आहे हे त्या पोचपावत्याच सांगतात. बंदूक सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते.

डॉक्टरांचा दाखलाही लागतो. शरीर आणि मन दोन्ही ठीक आहेत आणि अर्जदार दारू किंवा इतर नशेवर अवलंबून नाही, असा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. हा दाखला ओळखीने मिळवायची गोष्ट नाही. तुम्हाला मोतीबिंदू असेल, संध्याकाळनंतर कमी दिसत असेल, हात थरथरत असेल, तर डॉक्टरांना खरे सांगा. जागलीत गारठा वाजतो म्हणून थोडी घेण्याची सवय असेल, तर बंदुकीचा विचार सोडा. दोन्ही एका माणसाच्या हाती नकोत.

यानंतर पोलीस चौकशी होते. घरी येऊन विचारपूस करतात, शेजाऱ्यांनाही विचारतात. धुऱ्याचे भांडण चालू असेल तर ते लपवू नका. उलट, भांडण चालू असताना बंदूक घरात आणणे शहाणपणाचे आहे का, हे स्वतःलाच विचारा.

वर्गात काय शिकवतात

२०१६ च्या नियमांनी शस्त्र-सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले. ते पुरे झाल्यावर नमुना 'एस-१' मधले प्रमाणपत्र मिळते. कोणत्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालते हे परवाना शाखेत विचारूनच पैसे भरा. "वर्गाला येऊ नका, कागद घरी पाठवतो" असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. तसला कागद तुमच्या वावरात तुमचा सालदार वाचवणार नाही.

वर्गात साधारण पाच गोष्टी असतात : बंदूक सुरक्षितपणे हाताळणे आणि नेणे, बार काढण्याची पद्धत, बंदूक आणि काडतुसांची निगा, त्यांची साठवण आणि वाहतूक, आणि कायद्याची तोंडओळख. नवख्याला शब्दच अडतात, म्हणून ते आधी शिकून जा. पुढचा लोखंडी भाग ती नळी, खांद्याला टेकतो तो दस्ता, बोटाने ओढतो तो चाप, आणि काडतुसावर आदळतो तो घोडा. 'बारा बोअर' म्हणजे काय, हेही समजून घ्या. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड वजन होते, म्हणून बारा. त्यामुळे बोअरचा आकडा लहान तर नळी मोठी.

काडतुसाचा आकार नळीच्या घरात बसला म्हणजे ते चालतेच असे नाही. काडतुसाची लांबी बंदुकीवर कोरलेल्या मापाशी जुळली पाहिजे. जुनी, गंजलेली, ओल लागलेली काडतुसे वापरू नयेत. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच बंदूक उघडून पाहायची नाही. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे. ठासणीच्या बंदुकीत त्याहून जास्त, दोन मिनिटे तरी, कारण दारू आत धुमसत राहू शकते. आणि नळीत डोकावून पाहणे ही तर शेवटची चूक ठरू शकते.

बाराचा आवाज कानाजवळ फार मोठा होतो. वर्गाला जाताना कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांना साधा चष्मा न्या. बंद बूट घाला, सैल उपरणे आणि लोंबता शेला घरी ठेवा. रात्रभर जागल करून वर्गाला जाऊ नका. झोप झालेली असावी. आणि समजले नाही तर विचारा. आमच्या वर्गात पंचवीस जण होते, त्यातल्या निम्म्यांना डावे-उजवे डोळ्याचे गणित कळले नव्हते, पण विचारले एकट्या आमच्या भाऊंनी.

ते गणित असे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या झाडावर बोट धरा. मग एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहताना बोट झाडावरच राहते, तो तुमचा मुख्य डोळा. बंदूक शक्यतो त्याच बाजूच्या खांद्याला लावायची. हे घरी करून जा, वर्गात वेळ वाचेल.

काठीचा अभ्यास

आता खरी तयारी. तिला बंदूक लागत नाही, पैसा लागत नाही.

सुरक्षेचे नियम चार आहेत. एक, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. दोन, ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू नये. तीन, नेम पक्का होऊन बार काढायचे ठरेपर्यंत बोट चापाभोवतीच्या कडीबाहेर असावे. चार, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे पक्के दिसल्याशिवाय बार काढू नये.

हे ऐकताना सोपे वाटते. म्हणून दोन हात लांबीची काठी घ्या, एका टोकाला लाल चिंधी बांधा. चिंधीचे टोक ते बंदुकीचे तोंड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती काठी बाळगा : गोठ्यात, वावरात, धुरा ओलांडताना, बंडीवर चढताना, चहा पिताना. घरातल्या लेकराला कामाला लावा. चिंधी ज्या ज्या वेळी माणसाकडे किंवा जनावराकडे वळेल, त्या वेळी त्याने भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची.

भाऊंनी हे केले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, दुपारपर्यंतच एकवीस रेघा झाल्या. सहा तर पोरीच्याच अंगावर." ते हसत नव्हते. पाचव्या दिवशी रेघा दोनवर आल्या. आठव्या दिवशी एकही नाही. तेव्हाच मी म्हटले, आता चला वर्गाला.

धुरा किंवा कुंपण ओलांडताना काय करायचे तेही काठीनेच शिका. बंदूक आधी रिकामी करायची, मग पलीकडे सुरक्षित ठेवायची, मग आपण ओलांडायचे. हातात भरलेली बंदूक घेऊन तारेखालून सरपटू नये. बंडीत, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर बंदूक नेहमी रिकामी आणि झाकलेली. सार्वजनिक ठिकाणी ती पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात ठेवूनच न्यावी, असा नियमच आहे.

रात्रीची परीक्षा

काठीनंतर मी भाऊंना आणखी एक काम दिले. पाच रात्री जागलीला जायचे, फक्त टॉर्च घेऊन. पिकात हालचाल झाली की आधी मनात ठरवायचे, 'आता मी बार काढला असता की नाही?' मग टॉर्च लावून काय आहे ते पाहायचे आणि वहीत लिहायचे.

तिसऱ्या रात्री साडेदहाला तुरीत खसफस झाली. काळी, बुटकी, वाकलेली आकृती. मधूनच घुरघुरल्यासारखा आवाज. भाऊंनी मनात ठरवले, 'डुक्कर. काढला असता.' मग टॉर्च लावला.

शेजारच्या वावरातला सालदार होता. काळी घोंगडी पांघरून पाइपाचा जोड बसवायला वाकला होता आणि त्याला खोकला झाला होता.

भाऊ त्या रात्री घरी आले ते न जेवता झोपले. त्यांच्या वहीत त्या पानावर फक्त त्या सालदाराचे नाव लिहिले आहे. ते मी इथे देत नाही. त्याला स्वतःलाही हे अजून ठाऊक नाही.

बंधूंनो, माणसाला डुक्कर समजून गोळी घालणारा माणूस वाईट नसतो. तो थकलेला असतो, रागावलेला असतो आणि त्याला त्या घडीला डुक्करच पाहायचे असते. म्हणून नियम असा ठेवा : आवाजावर बार नाही, हालचालीवर नाही, चमकत्या डोळ्यांवरही नाही. पूर्ण जनावर आणि त्याच्या मागची मोकळी जमीन दिसली तरच. शक्यतो उंच मचाणावरून, खाली जमिनीकडे तोंड करून, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जाईल. आणि जागलीला जाण्याआधी चारी धुऱ्यांच्या शेजाऱ्यांना सांगा; रात्री पाणी द्यायला येणाऱ्याने टॉर्च लावून, हाक देत यावे असे ठरवून घ्या. हे ठरवायला परवाना लागत नाही. ते आजच करता येते.

बंदूक घरी आल्यावर

कीटकनाशकाबद्दल आपण सांगतो तेच : कुलपात, लेकरांच्या हाताबाहेर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषध असो वा हत्यार, हाताळायचे नियम कागदावर राहिले की घर उजाडते.

बंदूक रिकामी करून एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या परवानेदाराकडेच. सालदाराला, मुलाला, पाहुण्याला वापरायला द्यायची नाही. तुमचा परवाना तुमच्या एकट्याचा आहे. लग्नात, मिरवणुकीत, पोळ्याला हवेत बार काढणे बंद. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेजबाबदार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठरवले आहे. परवाना जातो तो वेगळाच. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश आला तर ती जमा करून पावती घ्या. परवान्याची मुदत पाच वर्षांची. संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. घरात कोणी कर्जाने, पिकाने किंवा आजाराने खचले असेल, गप्प गप्प राहत असेल, 'आता काय राहिले' असे बोलत असेल, तर त्या घरात बंदूक आणू नका. असेल तर ती काही काळ रीतसर जमा करून ठेवा. त्या माणसाजवळ बसा, त्याच्याशी बोला आणि टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याला बोलायला लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

इथे बहुतेकांची चूक होते. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो. रानडुक्कर आणि रोही यांना संरक्षण आहे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारायचे तर वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. त्यासाठी वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज करावा. परवानगीत जनावर, जागा, मुदत जे लिहिले असेल तेवढेच करायचे. अभयारण्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. जखमी डुकराच्या मागे झुडपात जायचे नाही, ते उलटते. वन कर्मचाऱ्यांना कळवा. मेलेले जनावरही त्यांच्याच ताब्यात द्यायचे. मांस घरी नेले, वाटले किंवा विकले, तर पीकरक्षण राहते बाजूला आणि खटला उभा राहतो.

हवेत काढलेला बार कळपाला पळवतो खरा, पण चार दिवसांनी डुकरे आवाजाला सरावतात. आणि वर गेलेला छर्रा कुठेतरी खाली येतोच.

थोडक्यात, निघण्याआधी तपासा

१. वावरापासून अर्धा किलोमीटर चालून पाहिले का?
२. झटका कुंपण, सामूहिक जागल, भरपाईचा अर्ज, हे करून झाले का?
३. हद्द कोणाची, परवाना कोणाचा, हे विचारले का?
४. डॉक्टरांना सगळे खरे सांगितले का?
५. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालते याची खात्री केली का?
६. मुख्य डोळा कोणता ते पाहिले का?
७. काठीच्या रेघा शून्यावर आल्या का?
८. टॉर्चची वही पाच रात्री लिहिली का?

शेवटचे दोन प्रश्न कोणी अधिकारी तुम्हाला विचारणार नाही. ते तुम्हीच स्वतःला विचारायचे आहेत.

आमच्या भाऊंचे काय झाले, असे काही जण विचारतील. वर्ग त्यांनी पुरा केला, प्रमाणपत्र घेतले, अर्ज दिला आहे आणि पोलीस चौकशीही झाली आहे. दरम्यान लागून असलेल्या तीन शेतकऱ्यांना जमवून त्यांनी धुऱ्याने सलग झटका कुंपण टाकले. शेजारच्या सालदाराला स्वतःच्या पैशाने एक टॉर्च आणि पांढरी शाल घेऊन दिली. त्याने विचारले, "हे कायले भाऊ?" ते म्हणाले, "रात्री दिसत जा म्हणून." यंदा मका बराच वाचला आहे. बंदूक मिळाली तर ती कुलपातच राहावी असे त्यांना आता वाटते, आणि मलाही.

आपल्या शंका, आपले अनुभव पोस्टकार्डावर लिहून आपल्या शेतकरी कार्यक्रमाकडे पाठवा. जमेल तसे कार्यक्रमात उत्तर देऊ. जागलीला जाल तेव्हा टॉर्च विसरू नका.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)